बैठक, तोल आणि चाल

सासऱ्यांसमोर बसताना माणसाने हातातला चहा शक्यतो संपवू नये. तोंडात घोट असला की निदान बोलता तरी येत नाही. पण त्या सकाळी जावयाचा कप रिकामा होता, आणि म्हणूनच तो बोलून गेला, "बाबा, गळाच्या काठ्या देऊन कशाला टाकताय? आपण होडी घेऊ."

बाळाला भरवणाऱ्या बायकोचा चमचा हवेतच राहिला. बाळाने, म्हणजे भोपळीने, तेवढ्यात तोंडातला घास बाहेर काढला, बोटांत धरून नीट तपासला आणि पसंत पडल्यावर परत तोंडात घातला. तपासून घेण्याची सवय तिला आजोबांकडून आली होती.

आजोबा निवृत्त वजनमापे निरीक्षक. ते बाजारातून नुसते चालत गेले तरी तराजू आपोआप सरळ व्हायचे. जगातल्या तमाम वस्तूंसाठी आणि माणसांसाठी त्यांच्याकडे तीनच शेरे होते: 'चालणार नाही', 'बघू' आणि 'बरं आहे'. यातला तिसरा शेरा त्यांनी आयुष्यात फारसा खर्चच केला नव्हता. एकदा एका पितळी तराजूला दिला होता, आणि एकदा मुलगी जन्मली तेव्हा, तोही तिचं वजन बघून. जावई लग्नापासून 'बघू'वर थांबलेला होता. बढती मिळेल अशी चिन्हं नव्हती.

या माणसाला एकच षोक होता. सुट्टीच्या दिवशी शहराबाहेरच्या तळ्याकाठी एका सपाट दगडावर बसायचं आणि गळ टाकायचा. मासा लागला की पट्टीने मोजायचा, काट्याला लटकवून तोलायचा आणि वजनात बसला नाही तर परत पाण्यात सोडायचा. बहुतेक मासे बसायचे नाहीत. माशांच्या बाबतीतही ते व्यापाऱ्यांइतकेच कडक होते.

पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली. दगडावर बसता आलं असतं, पण उठवायला माणूस लागला असता, आणि तसं उठवून घेणं त्यांना मंजूर नव्हतं. "मग खुर्ची नेऊ ना बाबा," असं लेक म्हणाली, तेव्हा ते म्हणाले, "तळ्याकाठी खुर्ची टाकून बसणारे लोक मासे धरत नाहीत. फोटो काढून घेतात." विषय संपला. तेव्हापासून ते लेकीकडे खिडकीपाशी बसून असत आणि काठ्यांची पिशवी दारामागे. आणि परवा त्यांनी वरच्या मजल्यावरच्या कॅप्टनला सांगून टाकलं होतं, "पुढच्या रविवारी पिशवी घेऊन जा. मला आता काय करायची आहे?"

हे ऐकून बायको स्वयंपाकघरात गेली होती आणि तिने घासलेलं पातेलं पुन्हा घासलं होतं. जावयाने ते पाहिलं होतं. म्हणून ही होडी.

"होडी?" सासरे म्हणाले.

"म्हणजे कयाक. एका माणसाची असते. खास मासे धरण्यासाठी बनवतात. पाठ टेकायला बैठक, पाय लांब करता येतात, गुडघ्याला त्रास नाही."

"उलटत नाही?"

"नाही."

"तपासलंय?"

"लोक सांगतात, बाबा."

"लोक," सासरे म्हणाले. 'हा किलोच आहे साहेब' असं सांगणाऱ्या दुकानदारांकडे ते ज्या नजरेने बघत, त्या नजरेने त्यांनी जावयाकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "बघू."

चमचा पुन्हा हलला.

दुकानात दोन कयाक पसंतीला आल्या. एक लाल, रुंद, बुटकी, हाताने वल्हवायची. दुसरी हिरवी, लांबट, सायकलसारखी पायाने पेडल मारायची. बायकोने बघताक्षणी पहिलीचं नाव म्हैस ठेवलं आणि दुसरीचं काकडी.

"साहेब, दोन्ही सर्वोत्तम आहेत," दुकानदार म्हणाला.

"दोन सर्वोत्तम कसे असतील?" सासऱ्यांनी विचारलं.

दुकानदार घसा साफ करून म्हणाला की म्हैस आरामाला सर्वोत्तम आहे आणि काकडी वेगाला. मग सासऱ्यांनी विचारलं की आराम कशात मोजता, आणि मोजण्याचं साधन शेवटचं कधी तपासून घेतलं होतं. थोड्या वेळाने दुकानदार स्वतःच म्हणाला, "साहेब, तुम्ही दोन्ही घरी न्या. आठवडाभर वापरून बघा. अनामत ठेवा आणि जा." यातल्या 'जा'वर त्याचा विशेष भर होता.

घरी येताना सासऱ्यांनी कसोट्या ठरवल्या. बैठक, तोल आणि चाल. लग्नाआधी जावयाचीही तपासणी याच तीन मुद्द्यांवर झाली असावी, आणि बहुधा तोलावर गुण कापले गेले असावेत. "आणि एक लक्षात ठेवा, जावईबापू," सासरे म्हणाले, "एका वेळी एकच गोष्ट तपासायची. बाकी सगळं दोन्हीकडे सारखं. मी अख्खी नोकरी या एका नियमावर काढली."

जावयाने मान डोलावली. या नियमाने आपला घात होणार आहे हे त्याला तेव्हा कसं कळणार?

पहिली अडचण फाटकाशीच उभी होती. इमारतीचे सेक्रेटरी.

"पार्किंग वाहनांसाठी आहे. हे वाहन आहे का?"

"पाण्यातलं आहे."

"मग पाण्यात ठेवा."

"याला पेडलही आहेत, साहेब."

"मग सायकल झाली. सायकलींच्या ओळीत लावा."

काकडी सायकलींच्या ओळीत लावल्यावर तिचं शेपूट फाटकाबाहेर रस्त्यावर गेलं आणि एक रिक्षा तिला आदराने वळसा घालून गेली. सेक्रेटरींनी ती तातडीने हलवायला सांगितली. म्हैस कशीबशी जिन्याखाली मावली. काकडीला मात्र वर, तिसऱ्या मजल्यावर घरी न्यायचं ठरलं. लिफ्टमध्ये ती जाईना, म्हणून जिन्याने. आणि पहिल्या व दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर काकडी अडकली. नाक कठड्यात, शेपूट खिडकीच्या गजात, आणि खाली वाकून पाठीवर तिचं पोट पेलणारा जावई.

जिन्यात माणूस अडकला की त्याला सल्ला द्यायला अख्खी इमारत मोकळी असते. वरून कॅप्टन आले. गोरेपान, मिशा पीळदार, डोक्यावर टोपी. त्यांना सगळे कॅप्टन म्हणत, आणि होडीच्या प्रकरणात त्यांचा शब्द अखेरचा असणार हे उघडच होतं.

"नाक डावीकडे!" कॅप्टन ओरडले.

जावयाने नाक डावीकडे नेलं.

"स्वतःचं नाही हो! होडीचं!"

होडीचं नाक डावीकडे नेल्यावर शेपूट गजात आणखी घट्ट बसलं. आता वर जाणाऱ्यांना वर जाता येईना आणि खाली येणाऱ्यांना खाली. पहिल्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन आल्या, परिस्थिती पाहिली, आणि कोणालाही न विचारता कयाकमध्ये पाय टाकून पलीकडे निघाल्या. मध्ये बैठक लागली. काकू क्षणभर टेकल्या.

"अगंबाई," त्या म्हणाल्या.

"काय झालं काकू?" खालून जावयाचा दबलेला आवाज आला.

"काही नाही रे. किती छान आहे ही! पाठीला असा आधार लागतोय! आमच्या सोफ्यावर बसलं की दोघं धरून उठवायला लागतात." आणि त्यांनी भाजीची पिशवी मांडीवर घेऊन पाय लांब केले. जावयाच्या पाठीवर आता काकडीसकट काकूही होत्या.

मग ज्याला त्याला बसून बघायचं होतं. दुसऱ्या मजल्यावरचे दोघं नवरा-बायको आळीपाळीने बसले आणि बऱ्याच दिवसांनी एकमेकांशी बोलले. सेक्रेटरी नियमभंगाची पाहणी करायला आले आणि पाहणीसाठी बसले ते उठेचनात. बायको भोपळीला कडेवर घेऊन आली. भोपळीला खाली ठेवल्याबरोबर तिने काकडीची कड दोन्ही हातांनी धरली, गुडघे सरळ केले आणि उभी राहिली. मग एक हात सोडला. मग दुसरा. क्षणभर ती कशालाही न धरता जिन्यात उभी होती, स्वतःवरच खूश होऊन.

"अरे, बघ! बघ ना! उभी राहिली!" बायको ओरडली.

"मला फक्त होडीचं बूड दिसतंय," जावई म्हणाला.

आयुष्यातला असा एक क्षण त्याचा सासऱ्यांच्या होडीखाली गेला. त्याने ते मनावर घेतलं नाही, पण नंतर बायकोकडून दोनदा, सविस्तर, हावभावांसकट ऐकलं.

शेवटी काकूंनी भांड्यांचा साबण आणून कठड्याला चोळला. काकडी सुटली. कठड्याला जेवढा साबण लागला त्याहून जास्त पायऱ्यांवर सांडला होता, त्यामुळे काकडीबरोबर जावईही सुटला. दोघं मिळून तळमजल्यापर्यंत पोचले, काकडी आधी आणि तो नंतर, बसल्या बसल्या, प्रत्येक पायरीची नोंद घेत. खाली सासरे काठी टेकून उभे होते. त्यांनी जावयाकडे पाहिलं, मग वर लोकांकडे.

"बैठक कशी वाटली?" त्यांनी विचारलं.

जिन्यातून एकमुखाने उत्तर आलं, "मस्त!"

सासऱ्यांनी मान हलवली. जावई त्या वेळी ज्या बैठकीवर हात ठेवून उठत होता, तिच्याबद्दल कोणी विचारलं नाही.

आता परवाना. तळ्याच्या कार्यालयात खिडकीमागे एक बाई होत्या.

"वाहन की खेळणं?"

"काय फरक पडतो, मॅडम?"

"खेळणं तळ्यात न्यायला बंदी आहे. वाहनाला परवाना लागतो."

"वाहन."

"इंजिनाची ताकद?"

"इंजिन नाही. पेडल आहेत. मी मारणार."

"मग तुमची ताकद लिहा."

जावयाने बराच विचार करून 'मध्यम' लिहिलं. बाईंनी चष्म्यावरून त्याला आपादमस्तक पाहिलं, लाल पेन उचललं आणि 'मध्यम' खोडून 'कमी' केलं.

"आणि तोल सुरक्षित असल्याचा दाखला? मोजमापाच्या जाणकार अधिकाऱ्याची सही लागेल. निवृत्त असला तरी चालेल."

"माझे सासरेच आहेत तसे!"

"मग सोपंच आहे की."

"तुम्ही त्यांना ओळखत नाही," जावई म्हणाला.

घरी सासरे म्हणाले, "पाण्यात तपासल्याशिवाय सही नाही." कार्यालयात बाई म्हणाल्या, "सहीशिवाय पाण्यात नाही." जावई या दोन माणसांमध्ये निरोप पोचवत फिरला. तो फ्रिजच्या कंपनीत तक्रारी घ्यायचा. दिवसभर फोनवर चिडलेल्या लोकांना 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो' म्हणायचा आणि काहीही करायचा नाही. त्या लोकांचे शिव्याशाप आपल्याला इथे भोवताहेत हे त्याला पटलं. अखेर त्याला पुन्हा आलेलं बघून बाईच कंटाळल्या. त्यांनी रविवारपुरती तपासणीची परवानगी दिली. अट एकच: काठावरून हाक ऐकू येईल एवढ्याच अंतरावर जायचं.

रविवारी टेम्पोत म्हैस, काकडी, सासरे, बायको, भोपळी आणि कॅप्टन असे सगळे तळ्यावर निघाले. कॅप्टन दोन कामांसाठी आले होते. तपासणीला अनुभवी दर्यावर्दी हवा म्हणून, आणि काठ्यांची पिशवी ताब्यात घ्यायला. कारण दिलेला शब्द सासरे मोडणारे नव्हते. "होडीचं जमेल तेव्हा जमेल," ते म्हणाले होते. "पिशवी आज द्यायची ठरली आहे. तिथेच देतो. गळ कसा फेकायचा तेही एकदा दाखवतो." टेम्पोत त्यांनी पिशवी मांडीवर धरली होती, आणि बायको रस्ताभर बाहेर बघत होती. जावयाला कळत होतं की आज जमलं नाही, तर सासरे पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसतील आणि दारामागची जागाही रिकामी होईल.

तळ्यावर वारा होता. "कॅप्टन, जरा म्हशीला काठाशी बांधता का?" जावई म्हणाला. "तुमची ती जहाजावरची गाठ मारा."

"कसलं जहाज?" कॅप्टन म्हणाले.

"तुम्ही कॅप्टन ना?"

"हो. ऑफिसच्या कॅरम संघाचा."

बायकोने भोपळीच्या मानेत तोंड लपवलं. तिचे खांदे हलत होते.

"सुरू करा," सासरे म्हणाले. "आधी तोल. बैठकी काढा."

"बैठकी काढू?"

"बैठकीचं झालं आहे. आता तोल बघायचा तर नुसत्या होडीचा. एकीची बैठक उंच, दुसरीची ठेंगणी. तुलना खोटी होईल."

जावयाने दोन्ही बैठकी सोडवून काठावर ठेवल्या. मग लाइफ जॅकेट घालून तो म्हशीत उभा राहिला. म्हैस हलली नाही. त्याने एक पाय उचलला. म्हैस हलली नाही. तो काकडीत उभा राहिला, आणि कोणी 'सांभाळून' म्हणायच्या आत पाण्यात होता. सुदैवाने तिथे कमरेएवढंच पाणी होतं. दुर्दैवाने तो उताणा पडला होता. भोपळीने टाळ्या वाजवल्या आणि मग बोट दाखवून 'आणखी'च्या अर्थाने ओरडली.

"तोल, म्हैस," सासऱ्यांनी निकाल दिला. एव्हाना त्यांचा पाय भरून आला होता. इकडे तिकडे पाहत ते काठावरच्या बैठकीवर टेकले. खुर्ची म्हणून नव्हे. तपासणीचं सामान होतं, ते कुठेतरी ठेवायलाच हवं होतं, आणि त्यावर कोणी बसलं असतं तर ते सामानाच्या सुरक्षिततेसाठीच. त्यांनी पाय लांब केला. पाठ टेकली.

बायकोने जावयाचं कोपर दाबलं. "अरे, ही खुर्चीच झाली की," ती कुजबुजली.

"गप्प," जावई कुजबुजला. "एक शब्द बोलू नकोस."

"आता चाल," सासरे म्हणाले. "काकडी घ्या. वल्हं काठावर ठेवा."

"बाबा, जवळ असू द्या ना. अडीनडीला."

"पेडलची चाल बघायची आहे ना? मग वल्ह्याचं काय काम? हात लागला की निकाल बाद."

जावई भिजलेल्या पँटीने काकडीच्या उघड्या बुडावर बसला आणि पेडल मारू लागला. आणि काय आश्चर्य! काकडी सुटली. सरळ, सुरेख, पाणी कापत. त्याच्या जिवाला आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं. त्याने मागे वळून हात हलवला. हात हलवताना समोर लक्ष नव्हतं, आणि समोर पाणगवत होतं. पेडल एकदा करकरले आणि थांबले. खालच्या पात्यांना गवताने असा विळखा घातला होता की पुढे नाही, मागे नाही. तेवढ्यात वाऱ्याने काकडी गवतातून सोडवली आणि तळ्याच्या मध्याकडे ढकलायला सुरुवात केली.

"वल्हव ना!" बायको ओरडली.

"कशाने?"

वल्हं काठावर पडलं होतं. सासऱ्यांच्या शेजारी, नियमाला धरून.

"अहो, घाबरू नका!" कॅप्टन ओरडले. "मी आहे!"

"काहीतरी करा!" जावई ओरडला. हाक ऐकू येण्याचं अंतर संपत आलं होतं, म्हणजे आता परवानाही बुडत होता.

त्यावर काठावरून बायकोचा, हसू आवरताना फाटलेला आवाज आला, "आपली गैरसोय आम्ही समजू शकतो!"

कॅप्टननी पिशवीतून सगळ्यात लांब काठी काढली. रीळ मोकळं केलं, एक पाय पुढे टाकला, मिशीवरून हात फिरवला आणि गळ फेकला. गळ मागे गेला, त्यांच्याच टोपीत अडकला, आणि टोपी तेवढी झकास भिरभिरत जाऊन तळ्यात पडली. त्यांनी रीळ फिरवून टोपी परत आणली. ओली टोपी त्यांनी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि पुन्हा पवित्रा घेतला.

"इकडे द्या," सासरे म्हणाले.

"दाखवतो ना मी."

"कॅप्टन. काठी इकडे द्या."

त्या आवाजात बाजारातले तराजू सरळ व्हायचे. कॅप्टननी काठी दिली. सासरे बैठकीतून उठले नाहीत. त्यांनी वारा किती आहे ते पाहिलं, हाताने काठीचा तोल बघितला, मनगट एकदाच मागे नेलं आणि सोडलं. दोरी किती तरी वेळ हवेत जात राहिली. तिचा बारीक आवाज येत होता, आणि भोपळी तोंड उघडं टाकून वर बघत होती.

पहिल्यांदा गळ काकडीच्या अलीकडे पडला. सासऱ्यांनी तो शांतपणे गुंडाळून घेतला. दुसऱ्यांदा जावयाला पाठीवर हलका धक्का जाणवला. गळ लाइफ जॅकेटच्या मागच्या पट्ट्यात बरोबर बसला होता, कातडीपासून बोटभर दूर.

"हलू नका!" सासरे ओरडले. "झटके दिलेत तर दोरी तुटेल!"

मग रीळ फिरू लागलं. थोडं ओढायचं, थोडं सैल सोडायचं, पुन्हा ओढायचं. जावई काकडीच्या बुडावर काठाकडे पाठ करून, हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेतल्या फोटोतल्यासारखा बसून उलटा उलटा किनाऱ्याकडे निघाला. त्याच्या प्रतिष्ठेचं जे काही उरलं होतं ते समोर, तळ्याच्या मध्यावर, दूर दूर जाताना त्याला दिसत होतं. मागून मात्र सासऱ्यांचा आवाज येत होता. घरात त्यांचा असा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. "ये, ये... असा ये... वारा सोडतोय बघ... कॅप्टन, मध्ये येऊ नका... हां, ये..."

काकडी काठाला टेकली. सासऱ्यांनी वाकून, अगदी हलक्या हाताने, जावयाच्या पाठीतून गळ सोडवला. तसा ते फक्त माशांचा सोडवत. मग बैठकीला पाठ टेकली आणि त्याच्याकडे पाहत बसले. केसांत पाणगवत, पँट चिकटलेली, एक चप्पल तळ्यात.

"पिशवी देताय ना?" कॅप्टन म्हणाले. "काठी?"

"कुठली काठी?" सासरे म्हणाले आणि रीळ पुसू लागले.

बायको भोपळीला घेऊन पुढे आली. तिचे डोळे भरले होते, पण तोंडावर हसू मावत नव्हतं. "बाबा," तिने विचारलं, "ठेवायचा, की परत पाण्यात सोडायचा?"

सासऱ्यांनी जावयाला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. घाई केली नाही. आयुष्यभर कुठल्याच मालाला केली नव्हती.

"राहू दे," ते म्हणाले. "वजन बरं आहे."